दहातले आठ

सोमवार, ४ ऑगस्ट

पहिला पाठ आज पुरा झाला. लांबी सहा मिनिटं चाळीस सेकंद. त्याला खरं काय काय लागलं ते आजच लिहून ठेवतो. उद्या कोणी "एवढंसं तर आहे" म्हणालं तर वही उघडून दाखवता येईल. दिवस एकवीस. मसुदे अकरा. ताईंचे दोन रविवार. बाइंडिंगच्या खोलीत पंखा बंद करून नऊ वेळा वाचन, त्यातली तीन वाचनं बाहेरून पुस्तकांची ट्रॉली खडखडत गेली म्हणून फुकट. भांडणं दोन. चहाचा एक कप, जो मी हातवारे करताना ताईंच्या कागदांवर उपडा केला. आणि माझी बावीस मिनिटं. पहिला मसुदा अठ्ठावीस मिनिटं चाळीस सेकंदांचा होता. वरची बावीस ताईंनी शांतपणे कापून टाकली. त्यात ज्ञानाच्या महासागरावरचा माझा परिच्छेदही गेला. "सर, पोरं पहिल्याच मिनिटाला बुडतील," म्हणाल्या.

ताई म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशीच्या टेबलावर बसतात त्या. त्यांना सगळे ताईच म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. "मला जरा पाण्यावर काहीतरी पाहिजे होतं" असं म्हणत आलेल्या मुलाला नक्की काय पाहिजे, ते तीन प्रश्नांत त्याच्याकडूनच काढून घेतात.

हे पाठ का, तेही लिहितो. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी विद्यापीठाला ऑनलाइन पाठमाला हवी आहे. माहिती शोधायची कशी, खरी-खोटी ओळखायची कशी, कोणाकडून घेतली ते सांगायचं कसं. रजिस्ट्रार साहेबांचा बेत असा, की बाहेरच्या कंपनीची तयार पाठमाला घ्यावी. मग पाठच सगळं शिकवणार तर टेबलावर बाई कशाला? टेबल बंद करायचं आणि ताईंना परीक्षा विभागात पाठवायचं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मोजायला. भर बैठकीत माझ्या तोंडून निघून गेलं, "आम्ही करतो की. पाच पाठ. आणि टेबल राहू द्या, पाठ पाहून मुलं जास्तच प्रश्न घेऊन येतील."

रजिस्ट्रार म्हणाले, "चोवीस सप्टेंबरला समितीपुढे ठेवा. जमलं तर टेबल राहील. नाही जमलं तर माझा बेत आहेच."

ताईंना हे मी नंतर सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "टेबल माझं, आणि पैज तुमची."

गुरुवार, ७ ऑगस्ट

पहिल्या पाठाचं पहिलं वाक्य माझं आहे आणि ते कोणी कापू शकलेलं नाही. "दहातले आठ विद्यार्थी शोधाच्या पहिल्या पानापलीकडे जात नाहीत. तुम्ही त्या आठांतले की उरलेल्या दोघांतले?" ऐकणारा जागच्या जागी सावरून बसतो.

ताईंनी विचारलं, "आकडा कुठला, सर?"

"अहो, सगळीकडे आहे. आपल्या वार्षिक अहवालात आहे. हस्तपुस्तिकेत आहे. आपल्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर आहे."

"प्रस्ताव तुम्हीच लिहिलाय."

"मग? चुकीचं लिहीन का?"

त्यांचं समाधान व्हावं म्हणून मफलरला बोलावलं. हा संगणक विभागातला माणूस. यंत्रांची खोली थंडगार ठेवतात म्हणून बारा महिने गळ्यात मफलर. नाव तसंच पडलं. प्रश्न टाकला की आपोआप उत्तर देणारं जे नवं यंत्र आलंय, त्याला त्याने हाच प्रश्न घातला. यंत्राने क्षणात सांगितलं, दहापैकी आठ, आणि आधार म्हणून आमच्याच ग्रंथालयाचा अहवाल दिला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग त्या बाहेरच्या कंपनीचा नमुना पाठ पाहिला. दुसऱ्याच चित्रात तोच आकडा, दहापैकी आठ! प्रतिस्पर्ध्यानेही तोच घेतलाय म्हटल्यावर आणखी पक्का तो काय असायचा.

सतरा वर्षं मी हा आकडा ऐकतोय, वाचतोय. त्या वेळी आमचे जुने ग्रंथपाल होते, मोठे साहेब. विद्यार्थ्यांसाठी दहा संगणक नवेच आले होते. मी कपाटांकडे होतो, दिवसातले सहा तास शिडीवर. साहेब जाता जाता वर बघून विचारायचे, "काय म्हणतात रे आपली मुलं?" मी वरून सांगायचो आणि ते खिशातल्या चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. ट्रॉली ढकलायला आलेल्या माणसाचं कोणी लिहून घेतं, ही तेव्हा मला फार मोठी गोष्ट वाटायची. पुढे नोकरी सांभाळून परीक्षा दिल्या आणि सहायक ग्रंथपाल झालो, त्याची सुरुवात त्या चिठ्ठ्यांत आहे.

बुधवार, १३ ऑगस्ट

आज ताईंशी पुन्हा वाजलं. त्यांचं म्हणणं, मी पाठात जे बोलतो ते सगळं खाली अक्षरांतही यायला हवं. शब्द न् शब्द.

"आवाज असताना अक्षरं कशाला?" मी म्हणालो.

"कोणी बसमध्ये बघेल. कोणाच्या घरी झोपलेलं बाळ असेल. कोणाला कमी ऐकू येत असेल."

"कमी ऐकू येणाऱ्यांसाठी घाला, माझी ना नाही. पण बाकीच्यांनी ऐकावं असा आवाज आहे, ताई."

हे फुशारकी म्हणून नाही म्हणालो. वाचनकक्ष बंद करायची हाक बारा वर्षं मी द्यायचो. "दहा मिनिटं राहिली," एवढंच. दुसरी हाक कधी द्यावी लागली नाही. शेवटच्या टेबलावर झोपलेला माणूससुद्धा उठून आधी पुस्तक मिटायचा आणि मग डोळे उघडायचा.

"लिहून घ्या," मी म्हणालो. "एकही मूल माझा आवाज बंद करणार नाही."

ताईंनी खरंच लिहून घेतलं. तारीख घातली आणि चिठ्ठी टेबलाच्या खणात टाकली. अक्षरं त्या घरी बसून घालणार आहेत. हौस त्यांची.

मंगळवार, १९ ऑगस्ट

दुसरा पाठ, "हे कोणी लिहिलंय?", घरी सासूबाईंवर करून पाहिला. वय एक्क्याऐंशी, फोन हातातून सुटत नाही, आणि आलेला प्रत्येक निरोप पुढे पाठवल्याशिवाय चष्मा काढत नाहीत. आज म्हणे डाव्या कुशीवर झोपलं की स्मरणशक्ती वाढते.

मी म्हणालो, "आई, खाली कोणाचं नाव आहे?"

"नाव कशाला असेल? माहिती आहे ती."

"मग खरी कशावरून?"

"जावईबापू, मी आठ दिवस डाव्या कुशीवर झोपतेय. तुमच्या लग्नात तुमच्या मामांनी काय बोलून दाखवलं होतं ते मला शब्द न् शब्द आठवतं. सांगू?"

पाठ तिथेच थांबवला.

बायको एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. ती डबा भरता भरता म्हणाली, "आमच्याकडे बरं असतं. नमुना नसेल तर आकडा नसतो." मी म्हणालो, "सगळ्यांचंच काही रक्त काढता येत नाही." ती हसली. पण हे वाक्य तिसऱ्या पाठात घालायला चांगलं आहे.

मंगळवार, २६ ऑगस्ट

चाळीस मुलांवर पहिले दोन पाठ चालवून पाहिले, संगणक कक्षात, प्रत्येकाला हेडफोन देऊन. मी मागच्या रांगेत वर्तमानपत्र धरून बसलो. शिपाई म्हणून सुरुवात केलेल्या माणसाला एक गोष्ट आपोआप येते, ती म्हणजे खोलीत असून नसल्यासारखं राहणं. लोक काहीही बोलतात.

"हा काका कोण आहे रे?"

"कोणी का असेना, आवाज भारी आहे."

"माझ्या आत्याचा फोनवरचा आवाज असा आहे. ती बोलायला लागली की आम्ही फोन टेबलावर ठेवून जेवून येतो."

दुसरं वाक्य लिहून ठेवलं. आत्याशी आपलं देणंघेणं नाही.

चौतीस जणांनी दोन्ही पाठ शेवटपर्यंत पाहिले. सहा जण दुसऱ्या पाठात दोन मिनिटांवर सुटले. ताईंनी त्या सहाही जणांना गाठून विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: तिथे मी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतोय. कापलं. कोपऱ्यातल्या एकाने हेडफोन सगळा वेळ गळ्यातच ठेवला होता आणि खालची अक्षरं वाचत होता. मफलरला म्हटलं, तो हेडफोन बिघडलाय, बघून घे. त्याने पाहिला. म्हणाला, "चालू आहे, साहेब." असेल मध्येच अडकत.

गुरुवार, ४ सप्टेंबर

तिसरा पाठ मुलांकडे गेला. नाव "मुळापर्यंत जा". हा माझा सर्वांत आवडता. कोणी काही म्हणालं की विचारायचं, तुला कोणी सांगितलं? त्याला कोणी सांगितलं? असं मागे मागे जात जिथे कोणी स्वतः पाहिलंय, मोजलंय किंवा केलंय तिथे थांबायचं.

अभ्यासासाठी ताईंनी पाच विधानं निवडून ठेवली होती, सगळी तपासलेली. मला ती अळणी वाटली. मी बदलून लिहिलं: "या पाठमालेतलंच कोणतंही एक विधान निवडा आणि त्याच्या मुळापर्यंत जा. मूळ सापडलं नाही तर ग्रंथालयात येऊन मला धरा."

ताई म्हणाल्या, "सर, आपण स्वतः सगळी तपासलीत का?"

"ताई, एकतीस वर्षं या इमारतीत काढली. मला आजवर कोणी खोटा संदर्भ खपवून दाखवलेला नाही."

त्यांनी आपल्या पाच विधानांचा कागद घडी करून खणात ठेवला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

दुपारी एक मुलगी आली. पहिल्या वर्षाची, भूगर्भशास्त्राची. हातातलं हेल्मेट खाली ठेवायला तयार नाही, मांडीवर घेऊन बसली. थोडी घाबरलेली होती, पण कागद नीट लावलेले.

"सर, तुम्हाला धरायला आलेय."

मी हसलो. "धर की. कुठलं विधान?"

"दहातले आठ."

"अगं, ते तर सर्वांत सोपं."

"मलापण तसंच वाटलं म्हणून घेतलं." तिने पहिला कागद पुढे केला. "ताईंना विचारलं, त्यांनी आपला तीन वर्षांपूर्वीचा वार्षिक अहवाल दिला. त्यात तळटीप आहे, एका परिसंवादातल्या भाषणाची. ते भाषण छापलेलं आहे, त्यात हस्तपुस्तिकेचं नाव आहे. ती तुमच्याकडेच मिळाली, तळमजल्यावर. हस्तपुस्तिकेत लिहिलंय, अमुक ग्रंथालयाच्या वार्तापत्रावरून."

"कुठल्या ग्रंथालयाच्या?"

"तुमच्याच, सर. सतरा वर्षांपूर्वीचा अंक. पान तीन." शेवटचा कागद. "इथे लिहिलंय, 'आमच्या पाहणीत असं दिसून आलं की दहातले आठ.' खाली पाहणीचं काही नाही. किती मुलं, कधी, कोणी विचारलं, काहीच नाही. मी त्या वर्षाचे सगळे अंक पाहिले. त्याच्या पुढच्या वर्षाचेपण. पाहणी झालीच नाही, असं मला वाटतं. म्हणजे, वाटतं असं म्हणायचं नसतं ना. सापडली नाही."

ती जे बोलत होती ते माझ्याच पाठातलं होतं, पण माझ्यापेक्षा चांगलं.

"किती वेळ लागला?"

"चार दिवस. एक तास बुडवला." मग घाईने, "माझे गुण जाणार का, सर?"

मी म्हणालो, "गुण तुझे नाही जायचे." कोणाचे जायचे ते मात्र सांगितलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

मोठ्या साहेबांकडे जाऊन आलो. आता श्रवणयंत्र लावतात. बाल्कनीत कुंड्यांच्या मध्ये बसले होते. वार्तापत्राचा अंक दाखवला. लेख त्यांचाच होता. नाकाजवळ धरून वाचला आणि खूश झाले.

"साहेब, ही पाहणी कुठे असेल? कागद वगैरे?"

"पाहणी कसली? अरे, मी तुलाच विचारलं होतं."

"मला?"

"तू शिडीवर होतास. हातात हिरव्या पुठ्ठ्याचे खंड. मी खालून विचारलं, 'मुलं त्या संगणकावर पानं उलटतात का रे पुढे, की पहिल्यावरच थांबतात?' तू काचेतून खोलीत पाहिलंस आणि म्हणालास, 'साहेब, दहातले आठ पहिल्यावरच.' मी लिहून घेतलं. तुझी नजर चांगली होती."

मला ती शिडी आठवली. हिरवे खंडही आठवले. वाक्य आठवेना, पण ते माझंच होतं, यात शंका नाही. इतका बेधडक मीच बोलतो.

"आणि आता आठवतं," साहेब म्हणाले, "त्या दहातले दोन संगणक आल्यापासून बंदच होते."

म्हणजे चालू होते ते आठ. आठांतले आठ. मी एकदा मान वळवली, त्याची पाहणी झाली, पाहणीची हस्तपुस्तिका झाली, हस्तपुस्तिकेचं भाषण झालं, भाषणाचा अहवाल झाला, आणि अहवालावरून मी प्रस्ताव लिहिला. आधाराला कोण? मी.

निघताना साहेब म्हणाले, "आकडा चुकला का रे?" मी म्हणालो, "नाही साहेब, मोजायचा राहिला."

सोमवार, १५ सप्टेंबर

खरं लिहायचं तर सकाळपासून एकच विचार चालू आहे, की वाक्य गुपचूप काढून टाकावं. काय जातं? पहिल्या पाठातला एक श्वास, प्रस्तावाच्या पहिल्या पानावरची एक ओळ. मुलीला पूर्ण गुण, शाबासकी. साहेबांना कोण विचारतंय. समिती नऊ दिवसांवर आहे. रजिस्ट्रारांना निमित्तच पाहिजे: "माहितीची पारख शिकवणाऱ्यांचा स्वतःचाच आकडा हवेतला." की झालं. ताई उद्यापासून गठ्ठे मोजायला.

बायकोला सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "आमच्याकडे चुकीचा रिपोर्ट बाहेर गेला तर काय करतात, माहितीये? तो फाडत नाहीत. त्याच्यावर 'रद्द' लिहून नव्यासोबत लावतात. फाडला तर पुढच्या खेपेला तुमच्या बरोबर रिपोर्टवरही कोणी विश्वास ठेवत नाही."

सासूबाई आतून ओरडल्या, "काय फाडलं?"

"काही नाही, आई."

"मग डाव्या कुशीवर झोपा म्हणावं त्यांना. डोकं शांत राहतं."

बुधवार, १७ सप्टेंबर

दोन दिवस टाळलं. आज सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी ताईंच्या टेबलासमोर, विद्यार्थ्यांच्या खुर्चीत बसलो आणि सांगितलं. शिडीसकट. बंद संगणकांसकट.

त्या म्हणाल्या, "सात ऑगस्टला मी विचारलं होतं, सर."

"विचारलं होतं."

"तुम्ही म्हणालात, सगळीकडे आहे."

"म्हणालो."

"मीही ऐकून घेतलं. विचारून गप्प बसले, ही माझी चूक. पण टेबल माझं जाणार आहे, हे तुमच्या लक्षात आहे ना?"

"म्हणून तर ठरवायचं तुम्ही. काढायचं की सांगायचं? मी मान डोलवीन."

त्यांनी पेन उघडलं, मिटलं. समोरून एक मुलगा आला आणि म्हणाला, "मला जरा हवेवर काहीतरी..." ताई म्हणाल्या, "दहा मिनिटांनी ये, बाळा, कुठली हवा ते ठरवून ये." तो गेला. मग म्हणाल्या, "चौथा पाठ काय आहे आपला?"

"संदर्भ तपासण्याचं उदाहरण. बटाट्याच्या उत्पादनाचं."

"बटाटे काढा. हे घाला. पायरी पायरीने, वार्तापत्रापर्यंत. आणि शेवटी शिडी."

"समितीपुढे?"

"समितीपुढे तोच पाठ दाखवायचा. गठ्ठे मोजायचेच असतील तर निदान खरं बोलून मोजते."

हेल्मेटवालीला बोलावून विचारलं, तुझा शोध वापरू का, नाव न घालता? ती म्हणाली, "न घालता का? कोणाचं घेतलं त्याचं नाव घालायचं असतं, असं पाचव्या पाठाच्या घोषणेत तुम्हीच म्हणताय." नाव घातलं.

सात दिवसांत नवा पाठ. बाइंडिंगवाल्यांनी ट्रॉलीच्या चाकांना तेल घातलं, आपणहून.

बुधवार, २४ सप्टेंबर

समिती झाली. सहा जण लांब टेबलाच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. मी उभा राहून पहिल्याच वाक्यात सांगितलं, "प्रस्तावाच्या पहिल्या पानावरचा आकडा खोटा आहे. तो माझा आहे. पुढची पाच मिनिटं पन्नास सेकंद तो कसा खोटा, ते बघा." आणि चौथा पाठ लावला.

पाठ संपला. रजिस्ट्रारांनी चष्मा पुसला. "म्हणजे हा आकडा तुम्ही शिडीवरून..."

"हो, साहेब."

"एका नजरेत."

"एकाच. दोन संगणक बंद होते."

कोणीतरी हसलं. रजिस्ट्रार हसले नाहीत. "मग अशा लोकांनी पाठ करावेत आणि विद्यापीठाने ते लावावेत, असं तुमचं म्हणणं?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं लांबलचक होतं. पण ताई आधी बोलल्या, बसूनच. "साहेब, ही चूक सतरा वर्षं अहवालातून, भाषणातून फिरली. कोणी पकडली नाही. मीही नाही. तिसरा पाठ बघून आठ दिवसांत पहिल्या वर्षाच्या मुलीने पकडली. पाठ चालतो की नाही, एवढंच तुम्ही विचारलं होतं."

रसायनशास्त्राच्या एक प्राध्यापक बाई आतापर्यंत गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "त्या कंपनीच्या पाठमालेत हा आकडा आहे का हो?"

मफलरने नमुना उघडला. दुसरं चित्र. दहापैकी आठ. खाली बारीक अक्षरांत, "संशोधनानुसार".

"कोणाच्या?" बाईंनी विचारलं.

मी हात वर केला. या वेळी रजिस्ट्रारही हसले, थोडे, नाइलाजाने.

"खरा आकडा किती आहे मग?"

सतरा वर्षांपूर्वीचा मी असतो तर लगेच सांगितला असता. म्हणालो, "माहीत नाही. मोजून सांगतो."

मंगळवार, ३० सप्टेंबर

पत्र आलं. पाठमाला आमचीच, सगळ्या पहिल्या वर्षाला. चौकशीचं टेबल एक वर्ष राहील. वापराची मोजणी नोव्हेंबरच्या सुरुवातीला सादर करावी, "प्रत्यक्ष नोंदींच्या आधारे". शेवटच्या तीन शब्दांखाली रजिस्ट्रारांनी पेनाने रेघ मारली आहे.

ताईंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि खणात ठेवलं. "एक वर्ष," म्हणाल्या. मग समोरच्या मुलीला, "हं, बोल, काय पाहिजे?" आज टेबलासमोर चौघेजण रांगेत होते. तीन जण कोणाला तरी धरायला आले होते.

सोमवार, ३ नोव्हेंबर

मोजणी झाली. मफलरने नोंदी काढून छापून आणल्या, आणि मी सांगितलं म्हणून ताईंनी त्या स्वतः पुन्हा मोजल्या. पाचही पाठ पुरे केलेले विद्यार्थी आजवर दोनशे चौदा. अभ्यासात प्रत्येकाला प्रत्यक्ष शोध घ्यायला लावला होता. त्यातले पहिल्या पानावर थांबले एकशे एकतीस. म्हणजे दहातले सहा. जेमतेम. पहिल्या पाठाचं पहिलं वाक्य बदललं. आता त्याखाली तारीख आहे, किती जण ते आहे, आणि मोजणारीचं नाव आहे. मोठ्या साहेबांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "चला, मुलं सुधारली." मी वाद घातला नाही.

बायकोला आकडा दाखवला. तिने नमुना किती ते आधी पाहिलं, मग मान हलवली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

नोंदींत आणखी एक रकाना होता. मी मागितलेला नव्हता. यंत्र आपलं आपण नोंदतं. मफलर तो पान उलटून पुढे जाणार होता, ताईंनी बोट ठेवलं. मला वाटलं काही बोलतील. त्यांनी खण उघडला, तेरा ऑगस्टची चिठ्ठी काढून त्या पानाशेजारी ठेवली, आणि समोर आलेल्या मुलाकडे वळल्या.

दोनशे चौदापैकी एकशे एकाहत्तर विद्यार्थ्यांनी पाचही पाठ आवाज बंद ठेवून, खालची अक्षरं वाचत पाहिले. म्हणजे दहातले आठ.